घरपोच शुश्रूषा आणि पंचायतीची देखरेख : केरळच्या अनुभवाचा अभ्यास

ग्रामपंचायतीने बांधलेला रस्ता सर्वांना दिसतो. नळाला दोन दिवस पाणी आले नाही तर तिसऱ्या दिवशी चावडीवर त्याचीच चर्चा होते. शाळेचे छप्पर गळू लागले तर पालक सरपंचांना गाठतात. अशा कामांवर एका अर्थाने सारे गावच देखरेख ठेवीत असते. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यक्षेत्रात आता काही सेवा अशाही येत आहेत, की ज्या घराच्या उंबरठ्याच्या आत दिल्या जातात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची जखम धुणे, पक्षाघात झालेल्या माणसाची लघवीची नळी बदलणे, कर्करोगाच्या रुग्णाला वेदना कमी करणारी औषधे वेळेवर पोहोचविणे, बाळंतिणीची व तान्ह्या बाळाची घरी जाऊन तपासणी करणे, ही त्यांपैकी काही उदाहरणे होत. परिचारिका आली किंवा नाही, आली असल्यास किती वेळ थांबली आणि तिने नेमके काय केले, हे त्या घरातील दोन-तीन माणसांखेरीज कोणासही ठाऊक नसते.

पंचायत राज्याच्या दृष्टीने येथे एक मूलभूत अडचण उद्भवते. पंचायतीच्या कारभारावर लोकांचा अंकुश राहावा म्हणून ग्रामसभेची योजना झाली. ग्रामसभेचा आधार उपस्थिती हा आहे. जो येतो तो बोलतो, आणि जो बोलतो त्याचे म्हणणे इतिवृत्तात येते. घरपोच सेवेचा लाभार्थी मात्र ग्रामसभेला येऊच शकत नाही. तो येऊ शकला असता तर त्याला ही सेवा लागलीच नसती. त्याची काळजी घेणारी व्यक्ती, बहुधा घरातील सून, पत्नी किंवा मुलगी, तीही रुग्णाला एकटे टाकून सभेस येऊ शकत नाही. ज्यांच्यासाठी सेवा आहे तेच सभेत सर्वांत कमी ऐकू येतात. म्हणून या सेवांची देखरेख कशी करावी, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो. या विषयात केरळ राज्यातील ग्रामपंचायतींचा अनुभव दीर्घ आहे. त्याचा परामर्श येथे घेतला आहे.

गरज कशी वाढली?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होते. केरळमध्ये ते १२.६ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. आयुर्मान वाढले, त्याबरोबर मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार असे दीर्घकाळ सोबत राहणारे आजारही वाढले. या आजारांतील अनेक रुग्णांना रुग्णालयात ठेवून विशेष लाभ होत नाही. त्यांना घरीच, परंतु जाणत्या हातांची शुश्रूषा हवी असते.

पूर्वी हा भार एकत्र कुटुंब उचलीत असे. आज मुले नोकरीसाठी शहरात किंवा परदेशी असतात आणि गावी दोन वृद्ध माणसे एकमेकांच्या आधाराने राहतात. जेथे कुटुंब आहे, तेथेही पाठीवर झालेली जखम कशी धुवावी, रुग्णाला दर दोन तासांनी कूस का पालटून द्यावी, नळीने अन्न कसे भरवावे, याचे ज्ञान नसते. माया असूनही माहितीअभावी रुग्णाचे हाल होतात, असे चित्र अनेक घरांतून दिसते.

केरळमधील वाटचाल

केरळमध्ये या कार्याचा आरंभ शासनाने किंवा पंचायतींनी केला नाही. १९९३ साली कोझिकोड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ ही संस्था सुरू केली. बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाच्या वेदना व इतर त्रास कमी करून त्याचे उरलेले आयुष्य सुसह्य करणाऱ्या उपचारपद्धतीस पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत तिला उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. प्रारंभी ही सेवा बाह्यरुग्ण विभागापुरती होती. परंतु ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती ते रुग्ण रुग्णालयापर्यंत येऊच शकत नव्हते. तेव्हा सेवेनेच रुग्णाकडे जावे, हा विचार पुढे आला.

१९९९ नंतर मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजाऱ्यांच्या सहभागातून या सेवेचे जाळे उभे राहिले. आठवड्यातून निदान दोन तास देऊ शकणाऱ्या नागरिकांना सुमारे सोळा तासांचे शिक्षण आणि त्यानंतर प्रत्यक्ष गृहभेटींचा अनुभव देण्यात येई. शिक्षक, रिक्षाचालक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी असे सर्व थरांतील लोक त्यात आले. स्थानिक लोकांच्या लहानसहान देणग्यांतून औषधे व वाहनखर्च भागू लागला.

याच सुमारास राज्यात विकेंद्रीकरणाची मोठी चळवळ सुरू होती. १९९४ चा केरळ पंचायत राज अधिनियम अंमलात आला होता आणि १९९६ पासूनच्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजनाखर्चाचा सुमारे ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे धोरण स्वीकारले गेले. प्राथमिक आरोग्य केंद्रे पंचायतींच्या अखत्यारीत आली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ कार्यक्रमामुळे महिलांचे शेजारगट वाडीवस्तीपर्यंत पोहोचले. एप्रिल २००८ मध्ये केरळ शासनाने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे धोरण स्वीकारणारे ते देशातील पहिले राज्य होय. घरपोच शुश्रूषा हा या धोरणाचा पाया ठरविण्यात आला आणि स्थानिक संस्थांना त्यात मध्यवर्ती स्थान मिळाले. २०१९ मध्ये या धोरणाची सुधारित आवृत्ती काढण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पंचायतींनी जेव्हा हे काम हाती घेतले तेव्हा गावात सेवा पाहिलेले, ती कशी असावी हे जाणणारे नागरिक आधीपासून होते. देखरेखीचे निम्मे बळ या जाणकार लोकांकडूनच आले.

यंत्रणा कशी चालते?

केरळमधील रचना तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांची. पंचायत आपल्या योजनानिधीतून या विषयाचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका कंत्राटी पद्धतीने नेमते, वाहन भाड्याने घेते आणि औषधे व साहित्य खरेदी करते. अंमलबजावणीची जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर असते. महिन्यातील ठरलेल्या दिवशी परिचारिका, आशा कार्यकर्ती, स्वयंसेवक आणि शक्य तेथे प्रभागाचा सदस्य असे पथक घरोघर जाते. दुसरी पायरी तालुका पातळीवरील रुग्णालयाची. ज्यांची प्रकृती अधिक गुंतागुंतीची आहे त्यांच्यासाठी तेथे अधिक प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टर असतात. तिसरी पायरी प्रशिक्षण देणाऱ्या मोठ्या केंद्रांची.

पंचायत पातळीवर पंचायतीच्या अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली एक व्यवस्थापन समिती असते व वैद्यकीय अधिकारी तिचे कामकाज पाहतात. पैशाची मंजुरी, वाहन आणि मनुष्यबळ हे लोकप्रतिनिधींचे क्षेत्र. कोणत्या रुग्णास कोणता उपचार, हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे क्षेत्र. आणि कोणत्या घरी कोण आजारी आहे याची पहिली खबर देणे हे आशा, शेजारगट व प्रभागसदस्य यांचे क्षेत्र, अशी ही विभागणी आहे. प्रत्येक घटकाला दुसऱ्याच्या कामाची माहिती असते, म्हणून ती परस्पर देखरेखही ठरते.

पथकाचे कामही समजून घेतले पाहिजे, कारण काम न कळता देखरेख होत नाही. परिचारिका घरात जाऊन प्रथम रुग्णाच्या अंगावर जखमा आहेत का ते पाहते. आवश्यक तर नळी बदलते, मलमपट्टी करते, औषधे संपली आहेत का ते तपासते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातील व्यक्तीला हे काम शिकविते, कारण पथक महिन्यातून एकदा किंवा दोनदा येते, उरलेले अठ्ठावीस दिवस घरच्यांचे असतात. काही वेळ ती नुसती बसून ऐकते. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळ रिकामा वाटेल. परंतु औषध बंद का केले, रात्री झोप का लागत नाही, घरात खर्चाची ओढाताण किती आहे, हे याच वेळात कळते.

देखरेखीचे चार प्रश्न

वरील व्यवस्थेवर पंचायतीने देखरेख ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? अनुभवाचे सार चार प्रश्नांत मांडता येते.

पहिला प्रश्न यादीचा. ज्यांना सेवा हवी ते सर्व यादीत आहेत काय? यादीतील प्रत्येकाला सेवा मिळाली असे अहवालात दिसले तरी जो यादीतच नाही तो त्या अहवालात कधीही दिसणार नाही. दूरची वस्ती, भाड्याच्या खोलीतील स्थलांतरित कुटुंब, मनोरुग्ण असलेले घर आणि एकट्या राहणाऱ्या विधवा ही यादीबाहेर राहण्याची नेहमीची ठिकाणे होत. केरळमध्ये ग्रामसभा प्रभागनिहाय भरते व ती दर तीन महिन्यांनी भरविण्याची कायद्यात तरतूद आहे. अशा लहान सभेत ‘आपल्या प्रभागात अंथरुणावर कोण आहे?’ हा प्रश्न विचारला, तर यादीतील उणिवा शेजाऱ्यांकडूनच कळू शकतात.

दुसरा प्रश्न भेटींचा. यादीतील प्रत्येकाच्या घरी गरजेप्रमाणे भेट झाली काय? येथे आकडे फसवे असू शकतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका पंचायतीच्या यादीत १०० रुग्ण आहेत. त्यांपैकी १५ जणांकडे दर आठवड्यास, २५ जणांकडे पंधरवड्यास आणि उरलेल्या ६० जणांकडे महिन्यातून एकदा जाणे आवश्यक आहे. म्हणजे महिन्याला ६०, ५० व ६० मिळून १७० भेटी झाल्या पाहिजेत. पथकाचे गृहभेटींचे दिवस १६ असून दिवसाला ८ घरे होतात, म्हणजे प्रत्यक्षात १२८ भेटी होऊ शकतात. महिनाअखेरीस अहवाल सांगेल की ठरलेले १६ दिवस पूर्ण झाले. वाहनाची नोंदवही बरोबर असेल, देयकेही बरोबर असतील. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघणार नाही. तरीही ४२ भेटी राहिल्या आहेत आणि त्या कोणाच्या राहिल्या, हे कोणी विचारलेले नाही. बहुधा त्या डोंगरावरच्या वस्तीतील, गाडी न जाणाऱ्या वाटेवरील घरांच्या राहिलेल्या असतात. म्हणून समितीने ‘किती दिवस काम झाले?’ असे न विचारता ‘कोणाकडे जाणे राहिले आणि का?’ असे विचारले पाहिजे. पहिल्या प्रश्नाने परिचारिकेची हजेरी कळते. दुसऱ्याने रुग्णाची परिस्थिती कळते आणि आणखी मनुष्यबळ मागण्यास आधारही मिळतो.

तिसरा प्रश्न दर्जाचा. भेट झाली, पण उपयोग झाला काय? पंचायत सदस्य वैद्यकीय तज्ज्ञ नसतात आणि उपचाराचा निर्णय त्यांनी करूही नये. परंतु काही खुणा कोणालाही पाहता येतात. रुग्णाच्या अंगावर नवी जखम झाली आहे का? वेदना कमी आहे का? मागील महिन्यात औषध कधी संपले व किती दिवस मिळाले नाही? घरातील व्यक्तीस काय शिकविले, ते ती करून दाखवू शकते का? यांची उत्तरे वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून समितीपुढे एकत्रित स्वरूपात, नावाविना मांडावीत. वेदनाशामक औषधांचा प्रश्न विशेष नाजूक आहे. मॉर्फिनसारख्या औषधांवर १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे अनेक परवान्यांचे निर्बंध होते. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय उपयोगासाठी ते बरेच सुटसुटीत झाले. तरीही पुरवठ्याची साखळी एखाद्या ठिकाणी तुटली तर त्याची झळ रुग्णाला रात्रभर सोसावी लागते. साठ्याची चौकशी हा म्हणूनच देखरेखीचा भाग आहे.

चौथा प्रश्न तक्रारीचा. रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी गाऱ्हाणे कोठे मांडावे? ज्या परिचारिकेवर आपण अवलंबून आहोत तिच्याविरुद्ध बोलण्यास माणूस कचरतो. ती यायचीच बंद झाली तर काय, ही भीती असते. म्हणून तक्रार ऐकणारी व्यक्ती सेवा देणाऱ्या पथकाबाहेरची असावी लागते. केरळमध्ये पंचायत राज अधिनियमात १९९९ साली दुरुस्ती करून स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र लोकपालाची तरतूद करण्यात आली. तथापि अंथरुणावरच्या माणसाला लोकपाल फार दूरचा असतो. त्याला गावातीलच, परंतु पथकाबाहेरचा कान हवा असतो. निवृत्त शिक्षक, महिला शेजारगटाची प्रमुख किंवा ग्रामपंचायतीच्या महिला सदस्या हे काम करू शकतात.

मर्यादा आणि धोके

या व्यवस्थेत काही अंगभूत अडचणी आहेत व त्या झाकून उपयोग नाही. पंचायत स्वतःच सेवा चालविते आणि स्वतःच तिच्यावर देखरेख ठेवते. आपल्याच कामातील उणीव आपणच नोंदविणे अवघड असते. निवडणूक जवळ आली की उणिवा अधिकच अदृश्य होतात. यावर उपाय म्हणजे बाहेरच्या नजरेची सोय. एखाद्या पंचायतीच्या कामाची पाहणी शेजारच्या पंचायतीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने व सदस्यांनी वर्षातून एकदा केली, तर दोघांनाही शिकता येते.

दुसरी अडचण परिचारिकेच्या नोकरीची. कंत्राटी नेमणूक, दरवर्षीचे नूतनीकरण आणि मर्यादित मानधन यांमुळे अनुभवी परिचारिका सोडून जातात. अंथरुणावरच्या रुग्णाला दर वर्षी नव्या हातांची सवय करावी लागते. देखरेख म्हणजे परिचारिकेवर पाळत, असा अर्थ घेतला गेला तर ही गळती वाढेल. तिच्या कामाच्या परिस्थितीची विचारपूस हाही देखरेखीचाच भाग होय.

तिसरी बाब खाजगीपणाची. कोणाच्या घरी कोणता आजार आहे, याची चर्चा ग्रामसभेत होता कामा नये. मनोविकार, कर्करोग, एचआयव्ही यांसारख्या आजारांत उघड झालेली माहिती कुटुंबाला जन्मभर त्रास देते. पथकासोबत जाणाऱ्या सदस्यानेही घरच्यांची संमती असेल तरच आत जावे, आणि छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. मदत घेणारा माणूस प्रसिद्धीचे साधन नाही.

चौथी बाब पक्षभेदाची. प्रभागसदस्य कोणत्या पक्षाचा आणि रुग्णाचे कुटुंब कोणत्या पक्षाचे, यावरून यादी लांबू-आखडू लागली तर सेवेचा पायाच ढासळतो. गरज ठरविण्याचा निकष लेखी असावा आणि निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तपासणीवर आधारलेला असावा, हाच त्यावरचा बांध आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

केरळची रचना जशीच्या तशी महाराष्ट्रात आणता येणार नाही, याचे कारण प्रथम समजून घेतले पाहिजे. केरळमध्ये ९४१ ग्रामपंचायती आहेत. महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे अठ्ठावीस हजार आहे. केरळची एक ग्रामपंचायत लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्राएवढी मोठी असते. आपल्याकडे सपाट प्रदेशात सुमारे ३०,००० व डोंगराळ आणि आदिवासी भागात सुमारे २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. म्हणजे परिचारिका, वाहन व औषधे यांची व्यवस्था आरोग्य केंद्राच्या पातळीवर आणि यादी, विचारपूस व तक्रार यांची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या पातळीवर, अशी विभागणी आपल्याकडे अधिक सोयीची ठरेल.

या कामासाठी लागणारी चौकट महाराष्ट्राला परकी नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर झालेल्या १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आरोग्य, समाजकल्याण, महिला व बालकल्याण या विषयांच्या समित्यांची तरतूद या कायद्याच्या चौकटीत आहे. निराधारांना दरमहा अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्याने १९८० साली सुरू केली. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी व १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असे शासनाचे निर्देश आहेत. अंथरुणावर असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी चाकाची खुर्ची किंवा हवेची गादी यांचा विचार या चौकटीत करता येण्याजोगा आहे.

घरपोच सेवेचा एक महत्त्वाचा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतून नवजात बालकांच्या घरपोच काळजीचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यात दिसून आले. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी केलेल्या या कामाला नियमित पर्यवेक्षणाची जोड होती. पर्यवेक्षक गावात जाऊन नोंदी पडताळून पाहत आणि चुका तेथेच दुरुस्त करून शिकवीत. पुढे २०११ मध्ये देशभर लागू झालेल्या कार्यक्रमानुसार संस्थेत प्रसूती झालेल्या मातेकडे आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी देते. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते. दिवस ठरलेले असल्यामुळे भेट झाली किंवा नाही, हे मातेला विचारून कोणासही पडताळता येते. घरपोच सेवेचे वेळापत्रक लाभार्थ्याला आधी माहीत असणे हीच देखरेखीची सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

लोकांनीच सेवा तपासण्याचाही अनुभव राज्याच्या गाठीशी आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अंतर्गत २००७ पासून पुणे, अमरावती, नंदुरबार, ठाणे आणि तत्कालीन उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. गावातील आरोग्य समितीने सेवांची माहिती गोळा करून गावाचे प्रगतिपुस्तक भरावे, चांगले, मध्यम व असमाधानकारक असे शेरे रंगांनी दाखवावेत आणि न सुटलेले प्रश्न जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडावेत, अशी ही पद्धत होती. त्या प्रगतिपुस्तकात ‘घरी अंथरुणावर असलेल्यांची सेवा’ अशी एक ओळ वाढविणे अवघड नाही. २०१८ पासून सुरू झालेल्या व आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी व उपशामक शुश्रूषा यांचा समावेश करण्यात आला आहे. सेवा कागदावर आली आहे, ती उंबरठ्यापर्यंत पोहोचते का, हे पाहण्याची जबाबदारी आता गावाची आहे.

पंचायतीने काय करावे?

नव्या निधीची वाट न पाहता करण्याजोगी पाच कामे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

एक : आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व प्रभागसदस्य यांनी मिळून वर्षातून दोनदा अंथरुणावर असलेल्या, एकाकी वृद्ध आणि तीव्र दिव्यांग व्यक्तींची यादी करावी. ती आरोग्य केंद्रात ठेवावी, फलकावर लावू नये.

दोन : प्रत्येक घरी एक साधी वही द्यावी. येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने तारीख, केलेले काम आणि पुढील भेटीची तारीख तीत लिहावी. वही घरच्यांच्या ताब्यात असावी. कार्यालयातील नोंदवही आणि घरातील वही यांची अधूनमधून तुलना झाली की निराळ्या चौकशीची गरज फारशी उरत नाही.

तीन : गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या मासिक बैठकीत ‘राहिलेल्या भेटी व त्यांची कारणे’ हा विषय कायम ठेवावा.

चार : ग्रामसभेपूर्वी दोन सदस्यांनी, त्यांपैकी एक महिला, यादीतील काही घरांना भेट देऊन त्यांचे म्हणणे ऐकावे आणि नाव न घेता ते सभेत मांडावे. ज्याला सभेत येता येत नाही त्याच्याकडे सभेनेच जावे, हा यामागील विचार आहे.

पाच : शाळेतील शिक्षकांनी या विषयाकडे लक्ष द्यावे. आजारी आजोबांमुळे किंवा अंथरुणावरच्या आईमुळे शाळा बुडविणारी मुले, विशेषतः मुली, शिक्षकांच्या चटकन ध्यानात येतात. हजेरीपटावरील अनुपस्थितीच्या खुणा कित्येकदा घरातील रुग्णाचा पत्ता सांगतात.

चर्चेसाठी प्रश्न

प्रशिक्षण वर्गांत व मासिक बैठकांत पुढील प्रश्नांवर चर्चा करता येईल. आपल्या गावात अंथरुणावर असलेल्या व्यक्ती किती, हे कोणाला नक्की सांगता येते? त्यांच्याकडे मागील तीन महिन्यांत कोण गेले? त्यांची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला एक दिवसाची विश्रांती देण्याची काही सोय गावाला करता येईल काय? कर्मचाऱ्याविषयी गाऱ्हाणे असल्यास ते निर्भयपणे कोणाकडे मांडता येते? गृहभेटींचा अहवाल शेवटी कोणी वाचतो काय, आणि वाचून काही बदल होतो काय?

या प्रश्नांची उत्तरे मोठ्या खर्चाची नाहीत, मात्र त्यांसाठी सातत्य लागते. रस्ता एकदा बांधला की काही वर्षे टिकतो. शुश्रूषा मात्र रोज नव्याने द्यावी लागते आणि तिची विचारपूसही रोज नव्याने करावी लागते. पंचायतीच्या कारभाराचे मोजमाप आजवर बांधलेल्या कामांवरून होत आले. यापुढे ग्रामसभेत न दिसणाऱ्या माणसांची तिने किती दखल घेतली, याचाही त्यात समावेश होणे अगत्याचे आहे.